पॉझिटिव्हचा शिरा

हौदानचा खोकला आधी खालच्या खोलीतून ऐकू यायचा, तेव्हा मी म्हणायची, हवा बदललीय. मग तो जिन्यात ऐकू यायला लागला. आणि एके दिवशी तो माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या मितूच्या कपाळापासून चार बोटांवर ऐकू आला. त्यानंतर मला दुसरं काही ऐकूच येईना.

मितू तेव्हा सात महिन्यांची. नाव संघमित्रा, पण एवढ्याशा जिवाला एवढं नाव जड व्हायचं. दिवसा झोपेल तर शपथ. मी जोजवून पाहिलं, सासूबाईंनी जोजवून पाहिलं, माझ्या नवऱ्यानं, अभयनं, रविवारी मांडीवर घेऊन लॅपटॉपवर गाणी लावली. ती टकाटका बघत राहायची. झोपायची ती फक्त हौदानच्या खांद्यावर. हौदान तिच्या भाषेतलं काहीतरी नाकातल्या नाकात गुणगुणत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची आणि पाच मिनिटांत मितूची मान कलंडायची. मग तासभर घरात शांतता. त्या तासात मी अंघोळ करायची, केस विंचरायची, कधी नुसतीच पाय पसरून बसायची. दिवसातला तेवढाच तास माझा होता, आणि तो हौदाननं दिलेला होता.

विश्रांतवाडीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूच्या एका खोलीत ती आणि तिची सहा वर्षांची सागल राहायच्या. हौदान मूळची सोमालियाची. लढाईतून निघाली ती आधी केनियातल्या छावणीत, आणि तिथून कुठल्या कुठल्या वाटेनं पुण्यात. आई मागे छावणीतच राहिलेली. दिल्लीत निर्वासितांचं ऑफिस आहे, तिथं हौदाननं अर्ज केला होता. दोन वेळा झेलम एक्सप्रेसनं जाऊन मुलाखत देऊन आली होती आणि दीड वर्ष निकालाची वाट बघत होती. तिच्या माणसांत त्या निकालाला दोनच शब्द होते. कात्रजला तिच्या ओळखीचं एक कुटुंब होतं, त्यांना दिल्लीहून 'पॉझिटिव्ह' आलं. वर्षाच्या आत ते कुठल्याशा थंड देशात गेले आणि जाताना कुकर हौदानला देऊन गेले. आणखी एकाला 'निगेटिव्ह' आलं. त्याचं पुढं काय झालं, ते ती कधी सांगत नसे. तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून दिल्लीच्या अर्जावर माझाच मोबाइल नंबर होता. अनोळखी नंबर दिसला की ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायची. बहुतेक वेळा क्रेडिट कार्डवाले असायचे.

सासूबाईंना ती 'हूयो' म्हणायची. त्यांच्याकडे आईला तसंच म्हणतात. सासूबाई, विमलाबाई, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. बत्तीस वर्षं ट्रंक कॉल जोडले. त्यांना लाड जमत नाहीत, पण हौदानला शिरा त्यांनीच शिकवला. तिनं त्यात वेलदोड्याबरोबर लवंगही घातली, तेव्हा एक चमचा खाऊन म्हणाल्या, "दात दुखत असेल त्यानं खावा." आणि पुन्हा वाटी पुढं केली.

तर तो खोकला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. हौदानच्या गळ्याची हाडं वर आली. संध्याकाळी अंगात कसकस असते, असं सागलच मला सांगून गेली. मी फक्त हौदानची कपबशी वेगळी केली.

निळ्या फुलांची, कान जरा उडालेली. हौदानचा चहा झाला की मी ती गरम पाण्यानं वेगळी धुवायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथी ठेवायची. मितूचं म्हणाल, तर हौदान आली की मी म्हणायची, आत्ताच झोपलीय. मितू गादीवर हातपाय नाचवत तिच्याकडे बघून हसत असायची. हौदान दारातूनच तिला बघायची, मान हलवायची आणि जायची.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः उठून चहा केला. खिडकीतली निळी कपबशी काढली आणि माझ्यासमोर बसून तिच्यातून चहा प्यायल्या. सावकाश, बशीत ओतून. त्यांची आई गावात ज्या घरी कामाला जायची तिथं तिला चहा मिळायचा, तो बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या कपातून. धुऊन परत कोनाड्यात तिनंच ठेवायचा. मला ते माहीत होतं. माझ्या माहेरीही तीच गोष्ट होती, फक्त कपाच्या जागी करवंटी. चहा झाल्यावर सासूबाईंनी ती कपबशी बाकीच्या कपांत ठेवली आणि वाचनालयात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ती परत खिडकीत ठेवली. लाज वाटली, नाही असं नाही. पण लाज आणि मितू यांत मला मितू मोठी होती.

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या फाटकावर कागद लागला. एका संस्थेनं महापालिकेच्या दवाखान्यात निर्वासितांसाठी, आणि ज्यांचे अर्ज अजून लटकलेत त्यांच्यासाठीही, टीबीची मोफत तपासणी ठेवली होती. सासूबाई म्हणाल्या, "फुकट म्हटल्यावर निम्मं पुणं निर्वासित व्हायला तयार होईल."

हौदान मात्र तयार होईना. फुकट का, हाच तिचा पहिला प्रश्न. नाव कशाला लिहून घेतात, दिल्लीला कळवतात का, आजारी माणसाला कोण घेईल आपल्या देशात. मी दवाखान्यात जाऊन भाग्यश्री सिस्टरना विचारून आले. त्या म्हणाल्या, नाव औषधापुरतं, दिल्लीशी आमचा संबंध नाही. मी ते हौदानला हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, शेवटी सागलची शपथ घालून सांगितलं. सागलसाठी तरी चल, म्हटलं. तेव्हा कुठं ती तयार झाली. सागलचं नाव घेऊन मी कोणासाठी बोलतेय, ते तिला कळलं असणार.

तपासणीला वीसेक माणसं होती, तीन-चार देशांची. सिस्टरनी प्लॅस्टिकच्या डब्या वाटल्या आणि बजावलं, "थुंकी नको, बेडका पाहिजे." मग माझ्याकडे बघितलं, कारण त्या खोलीत थोडीफार दुभाषी मीच होते. बेडक्याला हिंदीत काय म्हणतात ते मला ऐन वेळी आठवेना. शेवटी मी छातीवर हात ठेवला, खोल श्वास घेतला आणि पोटापासून खोकून दाखवलं. समोरच्या वीस माणसांनी गंभीरपणे तस्संच करून दाखवलं. हौदानला इतकं हसू आलं की त्या हसण्यातूनच तिला खरी उबळ आली आणि डबी भरली. एक नमुना तिथंच, दुसरा दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या, तिसरा पुन्हा दवाखान्यात. अर्जावर फोन नंबर म्हणून पुन्हा माझाच.

शुक्रवारी अकरा वाजता फोन आला. भाग्यश्री सिस्टर.

"तुमच्या हौदान पॉझिटिव्ह आहेत. आज पाचच्या आत त्यांना घेऊन या, औषध लगेच सुरू करायचं. आणि घरात लहान बाळ आहे म्हणाला होतात ना? त्यालाही आणा."

त्यालाही आणा. फोन ठेवल्यावर मी मितूचं कपाळ हुंगलं, पाठीला कान लावला. तिची छाती पाखरासारखी उडत होती, पण ती नेहमीच तशी उडते. सासूबाई घरात नव्हत्या, अभय सकाळीच कंपनीच्या बसनं गेलेला. मितूला गादीवर ठेवलं, भोवती उशा लावल्या, नाकावर ओढणी धरली आणि खाली गेले.

हौदान मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तीन पायऱ्या वर उभी राहिले. कितीतरी वाक्यं जुळवली होती. गोळ्यांनी बरं होतं, घाबरू नकोस, मी आहे. पण तोंडातून आलं ते एवढंच, "हौदान, फोन आया था. पॉझिटिव्ह."

तिच्या हातातला सागलचा फ्रॉक पडला. ती खाली बसली आणि ओल्या फरशीवर तिनं कपाळ टेकवलं. मला वाटलं, कोसळली. मग तिनं मान वर केली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"पॉझिटिव्ह? कलानी, दिल्ली ने खुद बोला? पॉझिटिव्ह?"

माझं नाव तिला कधीच नीट म्हणता आलं नाही. ती पायऱ्या चढून आली, माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. ओढणी गळून पडली. तिच्या श्वासाची ऊब माझ्या मनगटावर लागत होती आणि त्या क्षणी मला कळलं की मी काय बोलले आणि तिनं काय ऐकलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य, फार तर दोन. वर मितू रडायला लागली. मी म्हणाले, मितू रडतेय, आणि हात सोडवून वर पळाले. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मितूला घेऊन दाराला कडी लावून बसले.

म्हटलं, पाच मिनिटांनी जाते. मितूला पाजलं की जाते. मग खालून रवा भाजल्याचा वास आला. तुपाचा, वेलदोड्याचा, लवंगेचा. ती शिरा करत होती.

एक वाजता सागल शिऱ्याची वाटी घेऊन आली. केसांत नवी रिबीन होती. तिनं विचारलं की थंड देशात बर्फ पडला की शाळेला सुट्टी देतात का. मी म्हटलं, देत असतील. हौदान स्वतः सगळ्या इमारतीत ताट घेऊन फिरत होती. दार उघडायचं, हसणं ऐकू यायचं, मग खोकला, मग पुढचं दार. समोरच्या मथुराबाई मला गॅलरीतून म्हणाल्या, "तुमच्या बाईचं परदेशाचं काम झालं म्हणे. बरं झालं हो, जिन्यातला खोकला तरी जाईल." मी हसले. काय करणार?

वाटी कट्ट्यावर तशीच होती. वर तूप थिजलं होतं.

सासूबाई साडेतीनला आल्या. वाटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पर्स खाली ठेवायच्या आधी विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. रडूनच सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे अर्धा निरोप देऊन लाइन कापलीस," त्या म्हणाल्या. "कल्याणी, अर्धा पोचलेला निरोप न पोचलेल्यापेक्षा वाईट. बत्तीस वर्षं तेच बघितलं मी." मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "आज शुक्रवार ना? चार वाजता ती आईला फोन करते."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. छावणीत हौदानच्या आईच्या शेजाऱ्याकडे फोन होता. दर शुक्रवारी आपल्या चार वाजता म्हातारी तिथं येऊन बसायची, आणि हौदान नाक्यावरच्या बूथवरून आयएसडी लावायची. दीड वर्ष दर शुक्रवारी तिनं आईला एकच उत्तर दिलं होतं, अजून नाही. चारला दहा मिनिटं कमी होती. मी मितूला झोळीत घेतलं आणि चपला घालून जिना उतरले. खालच्या खोलीला कुलूप होतं.

आळंदी रस्ता ओलांडायलाच चार मिनिटं गेली. सहा आसनी रिक्षा, कंपन्यांच्या सुमो, कुणी थांबायला तयार नाही. मितूला वाटत होतं आपण फिरायला निघालोय. ती दोन्ही हातांनी माझी वेणी ओढत होती. मी मनात म्हणत होते, लाइन लागू नये, आज लाइन लागू नये.

लाइन लागली होती. काचेच्या खोक्यात हौदान रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होती, सागल तिच्या पोटाला चिकटलेली, वर मीटरचे लाल आकडे पळत होते. आवाज बाहेर येत नव्हता. नुसते ओठ दिसत होते, हसताना, बोलताना, मध्येच ती तोंड फिरवून खोकायची आणि काच धुरकट व्हायची. मी काचेवर हात ठेवला. तिनं मला पाहिलं आणि दार उघडून रिसीव्हरच माझ्यापुढं धरला.

"हूयो तुमसे बात करेगी. तुम खबर लाया, इसलिए."

मी तो घेतला. तिच्या श्वासानं ओला झालेला, गरम. तसाच तोंडाला लावला. पलीकडून एक बारीक, चिरका आवाज बोलायला लागला, थांबेचना. एक शब्द कळत नव्हता, पण आशीर्वाद कुठल्याही भाषेत ओळखू येतो. त्याला एक ठेका असतो. मध्ये माझं नाव आलं, तेही चुकीचंच, कलानी. मी म्हणत होते, हो, हूयो. हो. शेवटी तिकडूनच लाइन तुटली.

मी बाहेर आले. बूथवाल्याला पैसे देऊन हौदान आली, तेव्हा सागल पुढं पळाली होती. रस्त्याच्या कडेला, लोकांच्या मध्ये, मी तिला सांगितलं. या वेळी पूर्ण सांगितलं. फोन दिल्लीचा नव्हता, दवाखान्याचा होता. पॉझिटिव्ह म्हणजे बेडक्यात टीबी सापडला. मी सकाळी सांगायला हवं होतं, मी पळाले. औषध फुकट आहे, सहा महिन्यांत बरं होतं. दिल्लीचं काहीच आलेलं नाही. हो पण नाही, नाही पण नाही.

तिच्या चेहऱ्यावरून सकाळचं सगळं हळूहळू उतरताना मला बघावं लागलं. मग तिनं डोक्यावरच्या कापडाचा पदर तोंडावर धरला आणि माझ्यापासून, म्हणजे मितूपासून, दोन पावलं मागे झाली.

"मितू को?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, बघायचंय अजून. तिलाही आणायला सांगितलंय. सागललाही नेऊ.

तिनं मान हलवली. मग कापडाआडून म्हणाली, "इसलिए कप अलग."

मी हो म्हणाले. मग मी बूथकडे हात केला, म्हटलं, पुन्हा लावू या का, आईंना सांगायला हवं. तिनं बूथकडे पाहिलं.

"अगले शुक्रवार," ती म्हणाली. "एक हफ्ता हूयो को खुश रहने दो."

दवाखान्यात आम्ही पाचला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. भाग्यश्री सिस्टरनी मितूचं आणि सागलचं वजन केलं, डॉक्टरांनी छाती तपासली, हातावर सुई टोचली. आता तरी काही दिसत नाही, म्हणाले, पण दोघींना खबरदारीची गोळी सहा महिने. मितूची कुटून, चिमूटभर, दुधातून. आता तरी, हे दोन शब्द मी घरापर्यंत चघळत आले. सिस्टर म्हणाल्या, खोल्यांच्या खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर कापड, सुरुवातीचे काही आठवडे बाळाजवळ नको. मी हळूच विचारलं, आणि भांडी?

"भांड्यांनी पसरत नाही हो, हवेतून पसरतो. एवढी शिकलेली माणसं आणि पहिली कपबशी वेगळी करतात."

हौदानला मराठी कळत नव्हती. तरी मी तिच्याकडे बघितलं नाही.

औषधाचं एक लाल खोकं होतं, त्यावर हौदानचं नाव लिहिलं. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी सात गोळ्या, त्या कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गिळायच्या असा नियम. घरातलं माणूस चालत नाही, शेजारचं चालतं. सिस्टरनी पेन उघडून विचारलं, कुणाचं नाव लिहू. हौदान खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, माझं लिहा.

अभय रात्री आल्यावर नुसता मितूजवळ बसून राहिला. मग त्यानं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, कधी न उघडणारी माळ्याखालचीसुद्धा. सासूबाईंनी सगळ्या इमारतीला निरोप पोचवला, घरोघरी जाऊन, पूर्ण. मथुराबाईंनी म्हणे शिऱ्याबद्दल काळजी दाखवली. त्यांना सासूबाई म्हणाल्या, "शिऱ्यानं काही होत नाही. पण तुम्हाला नको असेल तर वाटी परत द्या, आमच्याकडे खाणारी माणसं आहेत." आमच्या वाटीतला शिरा त्यांनी तसाच गार खाल्ला, मलाही खायला लावला. लवंग दाताखाली आली.

सोमवारी सकाळी हौदान गॅलरीतल्या खुर्चीवर येऊन बसली, तोंडावर कापड, दाराबाहेर. हातात घरून आणलेला स्टीलचा पेला होता. पाण्यानं भरलेला. मी लाल खोकं उघडून सातही गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. मग तिच्या हातातला पेला काढून घेतला, आत गेले, फडताळातून हाताला लागला तो कप घेतला आणि त्यात पाणी आणलं. तो निळ्या फुलांचा नव्हता. निळा सासूबाईंच्या हातात होता, त्या आत मितूला मांडीवर घेऊन चहा पीत होत्या.

हौदाननं कप फिरवून पाहिला. एकेक करत सातही गोळ्या गिळल्या आणि सिस्टरनी सांगितलं होतं तसं तोंड उघडून मला दाखवलं. मी पाहिलं. कार्डावर खूण केली.

आत मितू किरकिरायला लागली. झोप आली होती आणि झोपायचं नव्हतं. हौदान जागची उठली नाही. कापड तोंडावर ओढून घेतलं, तोंड रस्त्याकडे केलं आणि तिथूनच, नाकातल्या नाकात, ते तिचं गाणं सुरू केलं. मध्येच खोकला आला, थांबली, पुन्हा धरलं. सासूबाईंनी मला बोटानं खूण केली. मितूची मान कलंडत होती.

मी दारात उभी होते, त्या दोघींच्या मध्ये. शुक्रवारला अजून चार दिवस होते.